मोडीत काढण्याआधी

आज जुन्या वस्तू जमवण्याच्या इतिहासाबद्दल बोलूया. मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो: "घरात एक जुनी वस्तू आहे, तिचे किती येतील?" कुणाकडे पितळी दिवा असतो, कुणाकडे ग्रामोफोनची तबकडी, कुणाकडे आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली नाणी. किंमत विचारण्यात गैर काही नाही. पण त्या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो बहुतेक वेळा राहून जातो. तो कोणता, हे सांगण्यासाठी आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो.

मी हैदराबादचा. आमचं मूळ घर उदगीरकडचं, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातलंच. ते घर विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावरची भांडी खाली काढली. त्यात तांब्याचं एक मोठं घंगाळ होतं. कड्या ढिल्या झालेल्या, बुडाला एक पोचा. भांडेवाल्याला बोलावलं. त्याने घंगाळ उलटं केलं, बोटाने वाजवून पाहिलं, तराजूत टाकलं आणि मोडीचा भाव सांगितला. आम्ही पैसे घेतले. चूक त्याची नव्हती, त्याचा धंदाच तो. आम्हीच त्याला बोलावलं होतं.

वर्षभराने वंशावळ लिहायला बसलो. पणजीपाशी अडलो. तिचं सासरचं नाव ठाऊक होतं, पण माहेरचं नाव, आडनाव, गाव कुणालाच सांगता येईना. मग माझी आत्या म्हणाली, "अरे, त्या घंगाळावर होतं की. तिच्या माहेरून आलेलं ना ते. काठावर ठिपक्यांनी नाव घातलं होतं." आम्ही ते घंगाळ वजनावर विकलं होतं. माझ्या पणजीचं माहेर जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं आणि ते आम्ही वितळवायला दिलं.

तर आजचा विषय हा आहे. वस्तू जपणं आणि वस्तूची हकीकत जपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशातल्या मोठ्या संग्राहकांचा इतिहास पाहिला, मूर्तिचोरीचे खटले पाहिले, कायदा पाहिला, तर सगळीकडे हाच धागा सापडतो.

आपण जुनं का ठेवत नव्हतो?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. "भारतीयांना इतिहासाची किंमत नाही, जुनं ते टाकून देतात," असं आपण फार सहज म्हणतो. पण आपल्याकडच्या घरात टाकून देणं असं नव्हतंच. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची. गोधडीही विरली की तिची पायपुसणी. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घ्यायची. तांब्यापितळेचं भांडं फुटलं की तांबटाकडे किंवा कासाराकडे द्यायचं, वर थोडी मजुरी भरायची आणि नवं घ्यायचं. धातू तोच, रूप नवं. भांडी म्हणजे घरची ठेव होती. दुष्काळ आला, लग्न निघालं, आजारपण आलं की एखादं पातेलं गहाण पडायचं किंवा मोडीत जायचं.

देवाच्या मूर्तीचंही तसंच. मूर्ती भंगली की तिचं विसर्जन. जुनी, भंगलेली मूर्ती कपाटात ठेवून तिच्याकडे कौतुकाने पाहायचं, ही कल्पनाच परंपरेत बसणारी नव्हती.

म्हणजे आपल्याकडे वस्तू होत्या त्या वापरण्यासाठी. वापर संपला की तिचं दुसरं काहीतरी व्हायचं. या व्यवहारात शहाणपण होतं. फक्त एक तोटा होता. धातू परत मिळायचा, पण घाट, कारागिराच्या हाताची खूण आणि वर कोरलेलं नाव, हे तिन्ही भट्टीत जायचं. तराजू फक्त धातू मोजतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवहार एकदम वेगाने झाला. स्टेनलेस स्टील आलं. त्याला कल्हई लागत नाही, चिंचेने घासावं लागत नाही. कल्हईवाले गल्लीत यायचे थांबले आणि पितळेची भांडी माळ्यावर गेली. मोठी घरं मोडून फ्लॅट आले तेव्हा ती माळ्यावरूनही खाली आली. एका पिढीत घरोघरची भांडी मोडीत निघाली.

हैदराबादचा दिवाण

आता संग्राहकांकडे वळू. सुरुवात माझ्या गावापासून करतो.

नवाब मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा जन्म १८८९चा. त्यांच्या घराण्याने निजामाला अनेक दिवाण दिले. ते स्वतः १९१२ साली दिवाण झाले आणि १९१४ साली त्यांनी ते पद सोडलं. त्यानंतरची पस्तीस वर्षं त्यांनी वस्तू जमवण्यात घालवली. लग्न केलं नाही. दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यात देशोदेशीचे व्यापारी माल घेऊन यायचे. हस्तिदंत, जेड, हस्तलिखितं, चिनी मातीची भांडी, युरोपातली घड्याळं, गालिचे, पुतळे, सगळं तिथे येत होतं. काही वस्तू आजोबांच्या, म्हणजे पहिल्या सालारजंगांच्या काळापासूनच घरात होत्या. बुरख्यातल्या रिबेकाचा तो प्रसिद्ध संगमरवरी पुतळा त्यातलाच. इटालियन शिल्पकार बेंझोनीचा हा पुतळा पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोममध्ये घेतला. कुणी घडवला, कुणी घेतला, कोणत्या साली, कोणत्या शहरात, सगळं माहीत आहे. म्हणून त्या पुतळ्यापुढे उभं राहिलं की दगडातल्या पारदर्शक ओढणीबरोबर हैदराबादचा एक दिवाण युरोपात फिरतो आहे, हेही डोळ्यांसमोर येतं.

२ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग वारले. मागे मूलबाळ नव्हतं. हैदराबाद संस्थान भारतात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. इतका प्रचंड संग्रह वाटण्यांमध्ये फुटून जगभर विखुरला गेला असता, तर त्यात नवल नव्हतं. पण सरकारने इस्टेटीसाठी समिती नेमली. कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे वस्तू लावण्याचं काम दिलं आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडलं. पुढे १९५८ साली वारसांनी न्यायालयातल्या तडजोडीने सगळा संग्रह देशाला दिला. १९६१ साली संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि १९६८ साली संग्रह मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आला. आज तिथे सुमारे ४३ हजार कलावस्तू आणि ९ हजार हस्तलिखितं आहेत.

सालारजंगांकडे पैसा होता, हे खरंच. पण संग्रह वाचला तो केवळ पैशाने नाही. त्यांच्यामागे कुणीतरी बसून याद्या केल्या, वस्तू लावल्या, वारसांनी समजूतदारपणा दाखवला, म्हणून तो वाचला. असे कितीतरी राजवाडे आणि हवेल्या आहेत जिथे हे घडलं नाही.

बनारस आणि बॉस्टन

आता उत्तरेकडे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय चित्रं आणि शिल्पं मोठ्या प्रमाणावर परदेशी जात होती. आनंद कुमारस्वामी हे कलेचे फार मोठे अभ्यासक. त्यांनी राजपूत आणि पहाडी चित्रांचा अमोल संग्रह केला होता. बनारसला राष्ट्रीय संग्रहालय उभं राहणार असेल तर तो द्यायची त्यांची तयारी होती. पण इथे कुणी पुढे आलं नाही. शेवटी १९१७ साली तो संग्रह बॉस्टनच्या कलासंग्रहालयात गेला आणि कुमारस्वामीही त्याच्याबरोबर तिथेच नोकरीला गेले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२० साली, त्याच बनारसमध्ये राय कृष्णदास नावाच्या तरुणाने भारत कला परिषद स्थापन केली. अध्यक्ष होते रवींद्रनाथ टागोर. कृष्णदास श्रीमंत घरातले, हिंदीतले लेखक. चित्रं, मातीच्या मूर्ती, नाणी, वस्त्रं, जे परदेशी जाण्याच्या वाटेवर होतं ते त्यांनी अडवून ठेवलं. त्यातून भारत कला भवन उभं राहिलं आणि १९५० साली ते बनारस हिंदू विद्यापीठाकडे सोपवण्यात आलं. आज तुम्ही काशीला गेलात तर घाटांबरोबर तेही पाहू शकता.

एक संग्रह बॉस्टनला गेला, दुसरा बनारसला राहिला. बॉस्टनची चित्रं नष्ट झाली नाहीत, उलट उत्तम सांभाळली गेली. पण ज्या डोंगराळ संस्थानांत ती रंगवली गेली, तिथल्या मुलाला ती पाहायची तर विमानाचं तिकीट लागतं. संग्रह वाचवतो आणि उपटतोही. संग्राहकाबद्दल बोलताना या दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्या लागतात.

अडकित्त्यात काय पाहायचं?

आतापर्यंत मौल्यवान वस्तूंबद्दल बोललो. पण अडकित्ता, कुलूप, दौत, पाय घासायची वज्री हीसुद्धा जपायची वस्तू आहे, हे आपल्याला कुणी शिकवलं? मराठी माणसाला इथे एकच नाव आठवणार, पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १८९६चा. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरचं चष्म्यांचं दुकान होतं. म्हणजे ना नवाब, ना जमीनदार. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची साठाहून अधिक वर्षं गावोगाव फिरून ते जमवत राहिले. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने या कामात होत्या. त्यांचा लहान मुलगा राजा अकाली गेला. संग्रहालयाला त्याचंच नाव आहे. पुढे सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली ते गेले.

केळकरांनी केलेली मोठी गोष्ट कोणती? त्यांनी एकच प्रकारची वस्तू शेकड्यांनी जमवली. एक अडकित्ता पाहिला तर गंमत वाटते. पन्नास पाहिले की लक्षात येतं, सुपारी कातरण्याच्या साध्या हत्याराला लोहाराने घोड्याचा, मोराचा, जोडप्याचा घाट दिला आहे. म्हणजे ते हत्यार चारचौघांत काढायचं होतं, पाहुण्यासमोर मिरवायचं होतं. एवढा सामाजिक इतिहास एका अडकित्त्यातून कळत नाही, पण पन्नासांच्या रांगेतून कळतो. आणि त्या वस्तू बहुतांश बायकांच्या हातातल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या, न्हाणीघरातल्या. बखरी आणि सनदा ज्यांच्याबद्दल गप्प आहेत, त्यांचा इतिहास तिथे मांडून ठेवला आहे.

असंच काम गुजरातेत झालं. अहमदाबादजवळ 'विशाला' हे गावरान पद्धतीचं भोजनगृह उभारताना सुरेंद्र पटेल जुनी भांडी शोधत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गावोगावची सुंदर भांडी नवी करण्यासाठी सर्रास वितळवली जाताहेत. त्यांनी ती घ्यायला सुरुवात केली आणि १९८१ साली तिथेच 'वेचार' हे भांड्यांचं संग्रहालय उघडलं. हंडे, लोटे, कळशा, डबे, सुड्या. यातलं प्रत्येक भांडं भट्टीच्या दारातून परत आलेलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

लाखेच्या तबकडीतला आवाज

वस्तू म्हणजे नुसती भांडी आणि मूर्ती नव्हेत. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेडरिक गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. भारतात कारखाना निघाला तो १९०८ साली, कलकत्त्याच्या सियालदह भागात. या तबकड्यांत एक महत्त्वाचा घटक होता लाख, आपल्या बांगड्यांमध्ये असते तीच. जंगलातल्या झाडांवरचा किडा जी लाख तयार करतो, ती कलकत्त्याहून जगभर जायची.

लाखेची तबकडी हातातून पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. पुढे लाँग प्ले आल्या, कॅसेट आल्या आणि हे जुने गठ्ठे रद्दीच्या भावाने बाजारात आले. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, आमच्या हैदराबादचा जुम्मेरात बाजार, कलकत्त्याची जुनी लिलावघरं. तिथून ज्या नादिष्ट लोकांनी तबकड्या उचलल्या, लेबलवरचे क्रमांक वहीत उतरवले, कोण गायलं, कोणता राग, कोणतं साल हे जुळवलं, त्यांच्यामुळे आज शंभर वर्षांपूर्वीचं गाणं आपल्या कानावर पडतं. क्रमांक लिहून ठेवला नसता तर आवाज उरला असता, पण तो कुणाचा हे कळलं नसतं.

नटराजाचा खटला

आता या छंदाची काळी बाजू.

१९७६ साली तमिळनाडूत तंजावर जिल्ह्यातल्या पत्तूर गावी एका मजुराला पडक्या देवळाजवळ खोदताना ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यात एक नटराज होता. तो हातोहात विकला जात लंडनला पोहोचला आणि तिथे एका कॅनेडियन कंपनीने तो घेतला. लंडनच्या पोलिसांनी तो जप्त केला आणि खटला उभा राहिला. भारताची बाजू मांडताना सर्वांत अवघड प्रश्न होता, हा नटराज त्याच देवळातला कशावरून? मग मूर्तीच्या धातूची तुलना त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी केली. तिला चिकटलेली माती तपासली. अंगावरच्या वाळवीच्या खुणाही तपासल्या. दाव्यात देवळालाही पक्षकार मानलं गेलं. भारत जिंकला आणि १९९१ साली नटराज परत आला.

दुसरी गोष्ट श्रीपुरंदानची. हे गाव अरियलूर जिल्ह्यातलं. तिथल्या ओस पडलेल्या देवळातून नटराज चोरीला गेला. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो सुमारे पन्नास लाख अमेरिकन डॉलरला विकत घेतला. व्यापाऱ्याने कागद दाखवले होते की ही मूर्ती १९७२च्या कायद्याआधीच भारताबाहेर गेली आहे. कागद खोटे निघाले. कसे? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतल्या देवळांची आणि मूर्तींची हजारो छायाचित्रं काढून ठेवली होती. त्यात हा नटराज होता, त्याच देवळातला. छायाचित्र आणि मूर्ती शेजारी ठेवल्यावर वाद संपला. सप्टेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो स्वतः भारतात आणून परत दिला.

पत्तूरला मूर्तीचा एकही फोटो नव्हता. तिथे वर्षानुवर्षं खटला लढवावा लागला, माती आणि वाळवीला साक्षीला आणावं लागलं. श्रीपुरंदानला फोटो होता. देवळाला कुलूप घालूनही चोर शिरले, पण कुणीतरी सहज नोंद म्हणून काढलेला एक फोटो देवाला घरी घेऊन आला.

म्हणून कुणी तुम्हाला जुनी दगडी किंवा ब्राँझची मूर्ती स्वस्तात देऊ केली, तर आधी एवढंच विचारा, ही कुठून आली? उत्तर "जुन्या वाड्यातून" असं मोघम आलं, तर तिथून उठून या. बाजारात गिऱ्हाईक आहे, म्हणून देवळात चोर आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात जमिनीत सापडलेल्या धनाबद्दलचा कायदा १८७८चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं त्याने बंधनकारक केलं. शेत नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर "माझ्या शेतात सापडला, म्हणजे माझा" असं म्हणून चालत नाही. १९४७ साली जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आलं आणि १९७२ साली आजचा पुरावस्तू कायदा झाला. तो १९७६च्या एप्रिलपासून लागू आहे.

त्याची रेषा सोपी आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेली कलावस्तू, नाणं, मूर्ती, चित्र, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित आणि दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षं. अशी वस्तू घरात ठेवायला बंदी नाही. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी मात्र करावी लागते. पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. परदेशातल्या लेकीकडे जाताना आजीची शंभरी ओलांडलेली समई प्रेमाने बॅगेत टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणखी एक. ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. काल जी वस्तू नुसती जुनी होती, ती आज पुरावस्तू होते. तुमच्या घरात बसल्या बसल्या.

खोट्याचा बाजार

जुन्याला मोल आलं की खोटंही येतं. तुम्ही पाहिलं असेल, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल. लाखो रुपये येतील म्हणून लोक ते देवघरात ठेवतात. कंपनीने मद्रासेत देवतांची चित्रं असलेले होन पाडले होते, हे खरं आहे. त्यामुळेच ही थाप लोकांना पटते. पण रामदरबाराचं हे १८१८चं नाणं कंपनीच्या कुठल्याही टांकसाळीत पडलेलं नाही. ते पुढे बाजारात तयार झालं.

याहून वाईट प्रकार म्हणजे तांदूळ ओढून घेणारं तांब्याचं भांडं. "यावर वीज पडली आहे, यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देईल, आधी तपासणीचे एवढे भरा." वीज पडून तांब्याचं इरिडियम होत नाही. या फसवणुकीत देशभर लोकांनी घरदार घालवलं आहे. पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन, होकायंत्रं, दुर्बिणी, यातलं पुष्कळ नवंच घडवलेलं असतं. शोभेसाठी घ्या, पण जुन्याचे पैसे देऊ नका.

खरं-खोटं कसं ओळखायचं? वापराची झीज पाहा. खऱ्या अडकित्त्याची मूठ जिथे बोटं टेकतात तिथे गुळगुळीत असते. तांब्याचा तळ जिथे टेकतो तिथे झिजतो. खोट्यावर झीज सगळीकडे सारखी असते, कारण ती एका दिवसात केलेली असते.

तर आता काय करायचं?

तुम्हाला सालारजंग व्हायचं नाही आणि वीस हजार वस्तूही जमवायच्या नाहीत. जागाही नाही, मला ठाऊक आहे. सगळं ठेवा, असंही मी म्हणत नाही. पण भांडेवाल्याला हाक मारण्याआधी एक दुपार काढा.

प्रत्येक वस्तूचे तीन-चार फोटो काढा. तळाचा, काठाचा आणि कोरलेल्या नावाचा नक्की. उंची, रुंदी, वजन लिहा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: हे कुणी आणलं, कुठून आणलं, कधी, यात काय शिजायचं, याला घरात काय म्हणायचे. त्यांच्याच शब्दांत लिहा. भांड्यांची नावं गावागणिक बदलतात आणि ती नावं शब्दकोशातही नेहमी सापडत नाहीत.

जुनं तांबं-पितळ लखलखीत करण्यासाठी चिंच आणि राख घेऊन बसू नका. कोरलेली अक्षरं घासण्यानेच पुसली जातात. मऊ कापडाने पुसा, पुरे. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि त्याचं लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते परत सुटत नाही. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली ती लोकांच्या घरात, पेट्यांत, माळ्यांवर पडलेल्या अशाच कागदांच्या आधारावर. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. विचारा, वाचणारे भेटतात.

एवढं केल्यावर वस्तू ठेवायची की द्यायची ते ठरवा. दिलीत तरी तिची हकीकत तुमच्याकडे राहील.

आमच्या घरी आता एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर आत्याने सांगितलेलं घंगाळाचं वर्णन आहे. दोन कड्या, काठाला वेल, बुडाला पोचा. ते कुठल्या घरातून आलं होतं, ती ओळ कोरीच आहे. आत्याला अक्षरं होती एवढं आठवतं, काय होती ते आठवत नाही. त्यानंतरच्या बेचाळीस वस्तूंची पानं मात्र पूर्ण भरली आहेत. त्यात सात बायकांची माहेरची नावं सापडली. सातही भांड्यांवर ठिपक्यांनी घातलेली.

तेव्हा "किती येतील?" हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, "हे कुणाचं?" सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.

पुढच्या भागात भेटू.